कोटेशन देण्याआधी डेसिबल मोजा, वॉट नंतर!



साउंड भाड्याने देण्याचा धंदा सुरू करणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, "सर, किती वॉटचा सेट घेऊ?" मीही आधी असाच विचार करायचो. मग एका शाळेच्या स्नेहसंमेलनात धडा मिळाला. पुढचे पाहुणे कानावर हात ठेवून बसलेले, आणि शेवटच्या रांगेतल्या पालकांना निवेदनच समजेना. मी अ‍ॅम्प्लिफायर वाढवला, तर आवाज फाटला. बिलातून पैसे कापले गेले ते वेगळंच. मशीन चांगलं होतं, मी हिशोबच केला नव्हता.

आज तोच हिशोब शिकूया. कॅल्क्युलेटरचीही गरज नाही.

१. बॉक्सची सेन्सिटिव्हिटी बघा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. स्पेसिफिकेशनच्या कागदावर असतो. समजा ९६ आहे.

२. वॉटचे डेसिबल मिळवा. १० वॉटला १०, १०० ला २०, २०० ला २३, ४०० ला २६. म्हणजे वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात! इथे आरएमएस वॉटच धरा, पीक किंवा पीएमपीओचे मोठे आकडे विसरा. ४०० वॉटचा आपला बॉक्स: ९६ + २६ = १२२.

३. अंतराचे वजा करा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. ४ मीटरवर ११०, १६ वर ९८, ३२ वर ९२.

४. राखीव जागा ठेवा. भाषण-गाण्यात अचानक जोर येतो. म्हणून सरासरी आवाज साधारण १२ डेसिबल खाली धरा. शेवटच्या रांगेत, म्हणजे ३२ मीटरवर, उरले ८०. गर्दीचा गोंगाटच ७५ असेल, तर शब्द कसा कळणार? गोंगाटापेक्षा निदान १० डेसिबल वर हवं, म्हणजे ८५.

आता बघा. दुप्पट वॉटचा सेट आणला तरी ८३ च होणार, आणि पुढच्यांचे कान जाणार. त्यापेक्षा तसाच दुसरा बॉक्स १६ मीटरवर, मैदानाच्या मध्ये उभा करा. शेवटची रांग त्याच्यापासून १६ मीटरवर, म्हणजे ९८ वजा १२, बरोबर ८६. काम झालं! फक्त त्या बॉक्सला डिले द्यायला विसरू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणून १६ मीटरसाठी सुमारे ४७ मिलिसेकंद. नाहीतर मागे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

५. जागेवर मोजून खात्री करा. कागदावरचा आकडा अंदाज असतो. भिंती, पत्रे, वारा यांनी फरक पडतो. तासभर जोरात वाजवलं की कॉइल तापून आवाज थोडा उतरतोही. म्हणून साउंड लेव्हल मीटर घ्या. मोबाइल अ‍ॅप ढोबळ अंदाजापुरतंच. कार्यक्रमाआधी पिंक नॉइज लावून पुढे, मध्ये, शेवटी अशा तीन जागी मोजा आणि वहीत लिहा. दहा कार्यक्रमांनंतर ही वहीच तुमचं भांडवल होईल.

आणखी एक जागा मोजायचीच: मैदानाची हद्द. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा १० जास्त, म्हणजे ६५ पर्यंतच चालतं. मीटर 'ए' वेटिंगवर ठेवा. आकडा जास्त आला तर बॉक्सची तोंडं वस्तीकडून वळवा, आवाज उतरवा. लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर लावायचाच नाही. रात्री १० नंतर उघड्यावर वाजवायचं म्हटलं तर ग्राहकाला नियम आधीच सांगा. ऑर्डर एकवेळ जाऊ दे, पण सेट जप्त व्हायला नको.

गृहपाठ: तुमच्या ओळखीचं एक मैदान पावलांनी मोजा. शेवटच्या रांगेचा आकडा काढा आणि मगच कोटेशन लिहा. ग्राहकाला "दोन हजार वॉट देतो" म्हणू नका. "शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कळेल" म्हणा, आणि ते करून दाखवा. पुढची ऑर्डर आपोआप येते!