पक्षाघातोत्तर रुग्णाचा रक्तदाब आणि वैद्याची जबाबदारी

आपल्या जिल्ह्यात पक्षाघाताचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा उशिरा. जिंतूर, सेलू वा गंगाखेडहून तो आधी परभणीस, तेथून प्रसंगी नांदेड वा छत्रपती संभाजीनगरास जातो. पंधरवड्यानंतर नातेवाईक गोळ्यांची पिशवी घेऊन आपल्या दारी येतात व म्हणतात, "डॉक्टरसाहेब, आता या गोळ्या बंद करून तुमचं औषध सुरू करा." या विनंतीस होकार देणे धोक्याचे आहे.

रुग्णालयाच्या कागदावरील आकड्यांनी संभ्रमित होऊ नये. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात मेंदूच्या तग धरून असलेल्या भागास रक्त मिळावे म्हणून पहिले एक-दोन दिवस 220/120 पर्यंतचा दाब सहसा उतरवीत नाहीत. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन दिले असल्यास मात्र रक्तस्रावाच्या भयास्तव तो 24 तास 180/105 च्या आत ठेवतात. घरी परतल्यावर हिशेब निराळा. तेथे साधारणतः 130/80 च्या खालचा दाब, तोही वर्षानुवर्षे, अपेक्षित असतो. गोळ्या अकस्मात थांबविल्यास दाब उसळतो व दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो.

चरकाचार्यांनी पक्षाघातात स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे. ते योग्यच, परंतु त्यांच्यापुढील रुग्ण दाब उतरविणाऱ्या दोन-दोन गोळ्या घेत नव्हता. माझ्याकडे एका वृद्ध रुग्णास सर्वांग स्वेदनानंतर लगेच उभे केले असता भोवळ आली व तो कोसळला. आधी दाब मोजला होता, नंतर मोजला नव्हता, चूक माझीच. तेव्हापासून निरोगी बाजूच्या हातावर प्रथम निजवून व मग उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत दाब मोजतो. वरचा आकडा 20 ने उतरला तर त्या दिवशी स्वेदन नाही. अशा रुग्णास मृदु विरेचनही शरीरातील जलांश पाहूनच द्यावे.

सर्पगंधेविषयी विशेष सांगावेसे वाटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. अभिमान जरूर असावा. तथापि रेसर्पिनने मन खिन्न होऊ शकते, आणि पक्षाघातानंतर विषाद आधीच पुष्कळांना ग्रासतो. शिवाय चालू गोळ्यांत तिची भर पडल्यास दाब अवाजवी उतरतो. म्हणून या रुग्णांत मी ती वापरीत नाही.

औषधी दुकानदारांनीही दक्ष असावे. खोकल्यासाठी रोज घेतलेले यष्टिमधु सोडियम धरून ठेवते, पोटॅशियम घटविते व दाब वाढविते. लघवीची गोळी चालू असल्यास पोटॅशियम अधिकच उतरते. लवणभास्करातील मीठ तर उघडच आहे. लसणाचे कॅप्सूल मागणारा ग्राहक रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, तर ते देण्यापूर्वी त्याच्या वैद्यास वा डॉक्टरांस विचारावे.