चालू वहिवाटीत बसणारे साधन : कामगंध सापळ्याचा धडा

शेतीच्या नव्या साधनाची खरी परीक्षा बांधावर होते. साधन कितीही उत्तम असले, तरी त्यासाठी शेतकऱ्याला आपल्या दिवसाच्या कामाची घडी मोडावी लागत असेल, तर ते लवकरच अडगळीत पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

कीड व तिची पाहणी

2017 च्या खरीप हंगामात विदर्भ व मराठवाड्यातील कपाशीची या किडीने मोठी हानी केली. अळी कोवळ्या बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजते व बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारणीचे औषध पोहोचत नाही. यास्तव पतंगांवर वेळीच नजर ठेवणे अत्यंत अगत्याचे असते. त्यासाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाच्या आमिषाने नर पतंग त्यांत सापडतात. प्रत्येक सापळ्यात सतत 3 दिवस रोज 8 किंवा अधिक पतंग आढळल्यास किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजावे.

नियम सोपा आहे; परंतु पतंग ओळखून मोजणे, रोजची नोंद ठेवणे व तीवरून निर्णय घेणे हे काम किचकट असल्याने पुष्कळदा मागे पडते.

साधनाची योजना

मुंबई येथील वाधवानी एआय या संस्थेने ‘कॉटनएस’ नावाचे मोबाईलवरील साधन याच अडचणीसाठी तयार केले. सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर पसरावयाचे व त्यांचे छायाचित्र घ्यावयाचे, एवढेच काम वापरणाऱ्याकडे राहते. मोजणी यंत्र करते आणि तज्ज्ञांनी ठरविलेल्या नियमांनुसार सल्ला देते. शिवारात नेटवर्क नसते, हे ध्यानी घेऊन मोजणीची प्रणाली साध्या मोबाईलमध्येच चालेल इतकी लहान करण्यात आली. भलतेच छायाचित्र घेतले गेल्यास ते नाकारण्याची सोयही तीत आहे. सापळा, पतंग व नियम पूर्वीचेच राहिले. केवळ अवघड पायरी यंत्राने उचलली.

योजकांनी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

1. प्रथम वहिवाट पाहावी. पाहणी कोण करतो, कोणत्या वेळी करतो व कोठे अडतो, हे शेतात प्रत्यक्ष जाऊन समजून घ्यावे.

2. अडणारी पायरी तेवढीच यंत्राकडे द्यावी. जे काम शेतकरी सहज करतो, त्यात नवी पायरी घालू नये.

3. उत्तर कृतीच्या रूपात द्यावे. केवळ आकडा सांगून भागत नाही. फवारणी आता करावी की थांबावे, हे स्पष्ट सांगावे.

4. बोलण्याची सवय उपयोगात आणावी. किसान कॉल सेंटरची सेवा 21 जानेवारी 2004 रोजी सुरू झाली. 1800-180-1551 या क्रमांकावर शेतकरी आपल्या भाषेत बोलून शंका विचारतो. ज्यास टंकलेखन जड जाते, त्याच्यासाठी नव्या साधनानेही आवाजातून प्रश्न घ्यावा व आवाजातूनच उत्तर द्यावे.

5. पडताळ्याची वाट मोकळी ठेवावी. यंत्राची मोजणी चुकल्यास फवारणीचा खर्च वाया जातो किंवा पीक हातचे जाते. म्हणून मोजलेले पतंग छायाचित्रात दाखवावेत व आकडा दुरुस्त करण्याची मुभा असावी. शेतकऱ्यानेही डोमकळ्यांवर लक्ष ठेवावे व शेतातील निरनिराळ्या झाडांवरील 20 हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी 2 बोंडे किडकी निघाल्यास प्रादुर्भाव 10 टक्के झाला, म्हणजेच उपाययोजनेची वेळ आली, असे समजावे.

विस्तार कर्मचाऱ्यांचे काम

असे साधन गावात नेण्यापूर्वी विस्तार कर्मचाऱ्यांनी सापळे नियमितपणे तपासले जातात की नाही, याची खात्री करून घ्यावी. जेथे सापळेच लावले जात नाहीत, तेथे मोजणाऱ्या साधनाचा उपयोग नाही. अशा गावी प्रथम सापळे लावून ते रोज पाहण्याची वहिवाट पाडावी. मोबाईल त्यानंतर हाती द्यावा.