टेरीची धाव

टेरी फॉक्स हा कॅनडातील तरुण. १९७७ साली, अठराव्या वर्षी, कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात त्याने कर्करोगाने तळमळणारी लहान मुले पाहिली. घरी आल्यावरही तो त्यांना विसरला नाही.

कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवायचा, असे त्याने ठरवले. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो धावू लागला. पायाला जखमा होत. तरी १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग रोग फुप्फुसांत पसरला आणि टेरी थांबला.

लोक मात्र पैसे देतच राहिले. प्रत्येक देशबांधवाने एक डॉलर द्यावा, ही टेरीची इच्छा होती. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलर जमले. म्हणजे माणशी एक डॉलर!

त्याच जूनमध्ये टेरी वारला. त्याची धाव लोक आजही धावतात.