धारवाडचे क्रेडिट कोल्हापुरात चालतील?

प्रश्न : मुलीची बी.एस्सी.ची दोन वर्षे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात झाली. आम्ही हुबळीहून कोल्हापूरला जातोय. शिवाजी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल?

उत्तर : गृहीत धरू नका. आधी डिजिलॉकरवरून तिचं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडा. चारही सत्रांचे क्रेडिट दिसायला हवेत. खरी अडचण पुढे आहे. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार पदवीचे निदान ५० टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीत दोन वर्षे धारवाडला गेली, तर हे गणित जमत नाही. चार वर्षांच्या ऑनर्समध्ये जमू शकतं. शिवाय अभ्यासक्रमाची समकक्षता वेगळी तपासतात. शिवाजी विद्यापीठाचा लेखी होकार येईपर्यंत मायग्रेशन प्रमाणपत्र काढू नका. माझं मत विचाराल, तर तिला वसतिगृहात ठेवून धारवाडलाच पदवी पूर्ण करू द्या.