पिंपातल्या अळ्या: पाणी न सांडता बंदोबस्त

पावसाळा लागला की वस्तीवस्तीतून आम्हाला एकच प्रश्न येतो. "ताई, पिंपात किडे झालेत, सगळं पाणी ओतून देऊ का?" जिथे नळ तीन दिवसांनी येतो, तोही तासभर, तिथे दोनशे लिटर पाणी ओतून दे म्हणणे सोपे आणि ओतणे कठीण. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे भिंतीवर लिहिलेले असते. ज्याच्या घरी चोवीस तास नळ आहे त्याला ते जमते. तुमच्या-आमच्या घरी पाणी राखूनच किडे घालवावे लागतात, आणि ते जमते.

आधी किडा ओळखू या. पिंपाला हलका धक्का द्या. वर लटकलेल्या काड्या वळवळत तळाला पळाल्या आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर आल्या, तर त्या डासाच्या अळ्या. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, कोलांट्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. कोष दिसले म्हणजे दोनेक दिवसांत डास उडणार, थांबायला वेळ नाही. तळाच्या गाळात लालभडक धाग्यासारखी अळी दिसते तिला पुष्कळ बाया घाबरतात. ती चावत नाही, डेंग्यूही देत नाही. तिचा लाल रंग आपल्या रक्तात असते तशाच हिमोग्लोबिनचा आहे. पण ती दिसली म्हणजे तळाशी गाळ साचलाय, टाकी धुवायची वेळ झाली. उघड्या टाकीत कधी वल्ही मारल्यासारखे पोहणारे छोटे किडेही येतात. ते रात्री दिव्याच्या उजेडाकडे उडत येतात. झाकण बसले की थांबतात.

खरे वैर आहे ते एडिस डासाशी. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा हाच. त्याला गटाराचे पाणी नको, आपले स्वच्छ साठवलेले पाणी हवे. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर पिंपाच्या ओल्या भिंतीला चिकटवते. खसखशीहून बारीक, काळी. पाणी संपले तरी ती कोरडी अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पिंप भरले, पाणी अंड्यांपर्यंत चढले की अळ्या बाहेर. म्हणून "परवाच तर रिकामं केलं होतं, परत कसे झाले?" असे होते. पिंप रिकामे झाले, भिंत घासली गेली नाही.

आता करायचे काय? नळ यायच्या आदल्या दिवशी पाणी तसेही कमी असते, तोच दिवस धरा. उरलेले पाणी सुती कापडाच्या दुहेरी घडीतून हंड्या-बादल्यांत गाळून घ्या. जुने धोतर किंवा सुती साडीचा तुकडा चालतो. कापडावर आलेल्या अळ्या कोरड्या मातीत, उन्हात झटका, गटारात नको. मग रिकामे पिंप आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा. पाण्याची रेषा जिथे जिथे राहते तो सगळा पट्टा, कडेची खाच आणि झाकणाची आतली बाजू जोर लावून. धुतलेले पाणीही मातीतच ओता. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे हे काम आठवड्याला एकदा झालेच पाहिजे, पंधरा दिवसांनी करून उपयोग नाही. गाळलेले पाणी वापरायला चालते, मात्र प्यायचे असेल तर उकळा किंवा क्लोरीनचे औषध टाका. कापडाने अळी अडते, जुलाबाचे जंतू अडत नाहीत. उलट पिण्याच्या पाण्यात आपण टाकतो तेवढ्या क्लोरीनने अळी मरत नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत.

कापडाला हलके समजू नका. जुन्या मंडळींना नारू आठवत असेल. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवातून तो पोटात जाई. त्यावर ना लस होती ना मारून टाकणारे औषध. पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे अशा उपायांनीच तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 चा, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्याआधी महाराष्ट्रातही नारू होता.

झाकण नसेल तर पिंपाच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधा. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घट्ट बसते, सुतळी ढिली पडते. नुसती फळी ठेवली तर फटीतून डास आरामात जातो. विहाराच्या किंवा चाळीच्या टाकीचे झाकण आणि जादा पाण्याच्या पाइपाचे तोंड जाळीने बंद आहे का, हे एकाने वर चढून बघा. ती टाकी सगळ्यांची म्हणून कुणाचीच नसते.

आरोग्य कर्मचारी पिंपात टेमेफॉस टाकतात, तेव्हा वास येतो म्हणून ते गेल्याबरोबर पाणी फेकू नका. ठरलेल्या मापात ते वापराच्या पाण्यात चालते. कोषांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही, घासणे चुकत नाही. स्वतःच्या मनाने रॉकेल, फिनेल किंवा मूठभर ब्लीचिंग पावडर पिंपात कधीही टाकू नका. मोठ्या हौदात किंवा न वापरत्या विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, आरोग्य खात्याकडे मागा. नदी-तळ्यात ते सोडू नयेत, तिथले मासे संपवतात.

बाकी जागा तुम्हाला ठाऊक आहेत. पत्र्यावरचे टायर, कुलर, फ्रिजमागचा ट्रे, छपरावरच्या प्लास्टिकच्या घड्या, करवंट्या. घरातल्या फुलदाणीचे पाणीही बदलत जा.

एवढे करूनही ताप आलाच, तर अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, सांधे आणि अंग मोडून येणे ही लक्षणे असताना मेडिकलवाल्याकडून अंगदुखीची गोळी आणू नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालते, तेही डॉक्टर सांगतील त्या मापात. भरपूर पाणी, पेज, सरबत द्या. आणि हे नीट वाचा: डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरतो तेव्हा सुरू होतो. पोर गार झाले म्हणून आई कामावर जाते आणि त्याच दिवशी ते खालावते. ताप उतरल्यावर दोन दिवस पोटात जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणे, सुस्ती किंवा तगमग, लघवी कमी होणे यातले एकही दिसले तर रात्र असली तरी सरकारी दवाखाना गाठा. पपईच्या पानांच्या रसाची वाट बघत घरी थांबू नका.

राहिला नळ. तपासणीत अळ्या सापडल्या की नोटीस आपल्या दारावर लागते, पण पिंप भरून ठेवायला लावतो तो तीन दिवसांचा खंड. म्हणून महिला मंडळाने एक वही करावी. पाणी कोणत्या तारखेला आले, किती वाजता, किती मिनिटे, दाब कसा होता, आणि गल्लीत तापाचे किती जण, एवढे रोज लिहायचे. महिनाभराच्या वहीची झेरॉक्स अर्जाला जोडून वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. शिक्का आणि तारीख असलेली पोच.