बालकांतील बहिर्मुख तिरळेपणा आणि निकटदृष्टिता

बंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर ही स्वातंत्र्योत्तर काळात नियोजनपूर्वक वसविलेली वसाहत. रुंद रस्ते, उद्याने आणि उत्तरेला लालबाग असा तिचा परिसर आहे. अशा उद्यानात उन्हात आल्याबरोबर एखादे मूल एक डोळा मिटून घेते. पालकांना ती सवय वाटते. परंतु ते अधूनमधून होणाऱ्या बहिर्मुख तिरळेपणाचे लक्षण असू शकते.

विकाराचे स्वरूप

या विकारात थकवा, आजारपण किंवा दूरवर पाहताना एक डोळा बाहेरच्या बाजूस सरकतो. एरवी दोन्ही डोळे सरळ दिसतात. त्यामुळे धावत्या तपासणीत तो निसटण्याची शक्यता असते. नियंत्रण ढळत गेल्यास खोलीचे आकलन करण्याची क्षमता कमी होऊ शकते.

निकटदृष्टितेशी संबंध

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यातील अशा बालकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार निकटदृष्टितेचे प्रमाण वयाच्या ५ व्या वर्षापर्यंत सुमारे ७ टक्के, १० व्या वर्षापर्यंत ४६ टक्के आणि २० व्या वर्षापर्यंत ९१ टक्के होते. शस्त्रक्रियेने या वाटचालीत फरक पडला नाही. हे आकडे एका परगण्याचे असले, तरी तिरळेपणासोबत चष्म्याच्या क्रमांकावरही लक्ष ठेवले पाहिजे, हा बोध सर्वत्र लागू पडतो.

चष्म्याचा विवेक

निकटदृष्टिता असल्यास योग्य क्रमांकाचे अंतर्गोल भिंग द्यावे; प्रतिमा स्पष्ट झाल्याने डोळे एकत्र राखण्यास साहाय्य होते. गरजेपेक्षा अधिक ऋण क्रमांक देण्याची पद्धतही आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८६ बालकांवरील चाचणीत अशा चष्म्याने नियंत्रण सुधारले. मात्र तो बंद केल्यावर लाभ टिकला नाही. शिवाय एक डायॉप्टरहून अधिक निकटदृष्टिता वाढलेली बालके या गटात १७ टक्के, तर साध्या चष्म्याच्या गटात १ टक्का होती.

पालक व शाळांची भूमिका

दररोज सुमारे दोन तास मोकळ्या प्रकाशात खेळल्याने निकटदृष्टितेचा आरंभ लांबविता येतो. म्हणून डोळा मिटतो या कारणास्तव मुलास घरात बसवू नये. टोपी द्यावी आणि नेत्रतपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्याअंतर्गत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी होते व तीत दृष्टिदोषाचाही समावेश आहे. तपासणी पथक डोळा सरळ असतानाच पाहण्याची शक्यता अधिक. म्हणून आई आणि वर्गशिक्षक यांनी टिपलेले निरीक्षण पथकापर्यंत पोहोचणे, हाच या कार्याचा पहिला टप्पा होय.