क्वेऱ्या चालू असताना ओळी पुसण्याची परीक्षा

मुदत संपलेल्या नोंदी डेटाबेसमधून काढून टाकण्याचे काम वरकरणी इतके सरळ दिसते की, त्याच्या परीक्षेविषयी गंभीरपणे विचार करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. चार ओळी घालाव्यात, दोन पुसाव्यात, उरलेल्या मोजाव्यात आणि हिशेब जुळला की मंजुरीचा शेरा मारावा, असा सर्रास रिवाज आहे. ज्या संस्थेच्या पोस्टग्रेस डेटाबेसची देखभाल काही काळ माझ्याकडे होती, तेथेही तोच रिवाज होता. आणि त्या रिवाजाने रीतसर मंजूर झालेल्या एका डिलीटची पुढची कैफियत पाहिल्यावर, एकट्या सेशनमध्ये घेतलेल्या परीक्षेवर विसंबू नये, असे माझे ठाम मत झाले.

तेथे कामांच्या रांगेचे एक टेबल होते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ओळीतील प्रयत्नसंख्या एकाने वाढे, आणि ती बरोबर दहा झालेल्या ओळी दुसरा एक कार्यक्रम पुसून टाकी. परीक्षेत हे निर्वेध चालले. प्रत्यक्ष वापरात मात्र अकरा-बारा प्रयत्न झालेल्या ओळी टेबलात साचू लागल्या, आणि लॉगमध्ये त्रुटीची एकही नोंद नव्हती.

कारण शोधता आढळले ते असे. संख्या वाढवणारा व्यवहार कमिट होण्यापूर्वी डिलीट सुरू होई. रीड कमिटेड या पोस्टग्रेसच्या मूळ आयसोलेशन पातळीवर त्या डिलीटला ओळींची जुनीच मूल्ये दिसत, म्हणून नऊची ओळ तो सोडून देई आणि दहाच्या ओळीपाशी लॉकमुळे खोळंबे. पहिला व्यवहार कमिट झाला की पोस्टग्रेस त्या खोळंबलेल्या ओळीची अट नव्या मूल्यावर पुन्हा तपासे. तिथे आता अकरा असल्याने ती ओळ बाद ठरे, आणि नऊची जी ओळ आता दहा झालेली असे, तिच्याकडे तो पुन्हा वळून पाहत नसे. अशा रीतीने डिलीटच्या आरंभी दहाची एक ओळ हजर, शेवटीही दहाची एक ओळ हजर, आणि पुसलेल्या ओळी शून्य! हे वर्तन नियमानुसारच आहे. रिपीटेबल रीड पातळीवर याच प्रसंगी डिलीट त्रुटी देऊन थांबतो, आणि व्यवहार पुन्हा चालवण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

दुसरी गोष्ट अहवालांच्या क्वेऱ्यांनी शिकवली. १९९९ साली आलेल्या ६.५ या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये एकाच ओळीच्या अनेक आवृत्त्या सांभाळण्याची पद्धत आहे. तिच्यानुसार डिलीट ओळीवर केवळ बाद झाल्याची खूण करतो, आणि आधी सुरू झालेल्या क्वेरीला ती ओळ पूर्ववत दिसत राहते. मृत ओळींची जागा मोकळी करणे हे व्हॅक्यूमचे काम. मूळ मांडणीत पन्नास ओळी अधिक टेबलाच्या सुमारे वीस टक्के इतक्या ओळी मृत झाल्या की स्वयंचलित व्हॅक्यूम येतो. पण अहवालासारखा जुना दीर्घ व्यवहार उघडाच असेल, तर त्याला अजून दिसू शकणाऱ्या मृत ओळींना व्हॅक्यूम हात लावत नाही, आणि लाखो नोंदी पुसूनही टेबल फुगलेलेच राहते.

म्हणून हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. परीक्षेसाठी किमान दोन स्वतंत्र कनेक्शन घ्या. प्रत्येक परीक्षा एका व्यवहारात गुंडाळून शेवटी रोलबॅक करण्याची अनेक फ्रेमवर्कची सोय येथे बंद ठेवा, कारण कमिट न झालेले बदल दुसऱ्या सेशनला दिसतच नाहीत. क्रम साधण्यासाठी दोन सेकंद थांबण्याची युक्ती वापरू नका, कारण संथ यंत्रावर ती दगा देते. दुसरे सेशन लॉकवर खरोखर खोळंबले आहे याची पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये खात्री करा आणि मगच पहिले सेशन कमिट करा. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या सोर्समधील आयसोलेशन चाचण्यांत सेशन, पायऱ्या आणि त्यांचे क्रम लिहून ठेवण्याची सोय आहे. तो कित्ता अवश्य गिरवावा. लॉकची वाट पाहण्याची मुदत मुळात अमर्याद असते, तेव्हा परीक्षेत ती आखून द्या.

परीक्षा घ्यायची ती प्रत्यक्ष वापरात असलेल्याच प्रकारच्या डेटाबेसवर, कारण प्रत्येकाचे वर्तन वेगळे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत मूळ पातळी रिपीटेबल रीड आहे, तेथे डिलीट ओळींमधल्या मोकळ्या जागाही अडवू शकतो, आणि त्यामुळे नव्या नोंदी खोळंबतात. एसक्यूलाइटमध्ये एकाच कनेक्शनवर सिलेक्ट चालू असताना पुसलेली पुढची ओळ त्यात येईल की नाही, याची हमीच नाही.

निकाल देताना चार गोष्टी पडताळाव्यात: डिलीटने किती ओळी पुसल्याचे सांगितले, आधीपासून चालू असलेल्या क्वेरीला काय दिसले, नंतर आलेल्या क्वेरीला काय दिसले, आणि सर्व व्यवहार संपल्यावर टेबलात काय उरले. आमच्या रांगेत या चारांपैकी पहिली आणि शेवटची गोष्ट दोन सेशनांनिशी तपासली असती, तर तो दोष मंजुरीपूर्वीच उघड झाला असता, आणि ‘बरोबर दहा’च्या जागी ‘दहा किंवा अधिक’ एवढ्या दुरुस्तीने चुकलेली ओळ पुढच्या फेरीत हाती लागली असती.